एक, तीन, चार, दोन

नाना पेठेत, बेअरिंगच्या दुकानामागच्या बोळात
लडकत मिस्त्रींनी बॉनेट उघडलं
आणि पहिलं वाक्य बोलले, ते माझ्याशी नव्हेच:
"काय गं, परत ताप?"

एक हजार एकोणनव्वद सीसी. चार सिलिंडर, एका ओळीत.
ठिणगी मात्र ओळीनं पडत नाही.
एक, तीन, चार, दोन.
हे मी पाढ्यांच्या आधी शिकले की नंतर, आठवत नाही.
वडिलांनी प्लगच्या सगळ्या वायरी उपसून ठेवल्या
आणि म्हणाले, लाव.
मी एक, दोन, तीन, चार लावल्या.
गाडी शिंकली, सायलेन्सरमधून फाटकन बार काढला,
समोरचे टिळेकर गॅलरीत आले
आणि रविवारची झोप या विषयावर
रीतसर बोलून आत गेले.

वडिलांची वही अजून डॅशबोर्डच्या खणात आहे.
शेवटच्या पानांवर अक्षर थरथरतं, आकडे नाही.

पॉइंटची फट: चार दशांश मिलिमीटर. गेज नसेल तर पोस्टकार्ड दुमडून.
ऑइल: काडी दर रविवारी. ऑइल दुधाळ दिसलं तर गॅस्केट गेलं, निमूट खाली उतरणे.
रेडिएटर: गरम असताना झाकण उघडू नये. उघडलं. १४ मे.
कात्रज: चढावर मध्येच बंद. फ्युएल पंपावर ओलं फडकं. दहा मिनिटं. निघाली.

ते फडकं म्हणजे आईचा कोरा टॉवेल होता,
हे वहीत नाही.

या वेळी टिकटिक होती.
घड्याळाची नव्हे, घड्याळ कधीच बंद पडलंय.
हेडमधून, थंडीत जास्त, चढावर भांडखोर.
मिस्त्रींची रीत मला पाठ आहे:
लांब पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे बंद.
इतका वेळ आता डॉक्टरसुद्धा देत नाहीत.
आणि मग निकाल. त्यावर अपील नाही.

मूठ कानाला लावली.
सरकवली.
दुसऱ्या कानाला लावली.
तौसीफ ब्रशनं प्लग घासत होता, तो घासायचा थांबला.
मिस्त्री मला म्हणाले, जरा मोठ्यानंच,
"सुरू आहे ना?"

सुरू होती.
मडगार्डवर ठेवलेला चहा ग्लासात थरथरत होता.
मी फॅनबेल्टकडे बघत राहिले.
तो बघण्यासारखा होताही, कडेनं उसवलेला.

मग त्यांनी पेचकसाची मूठ फडक्यानं पुसली,
पाहुण्यांचा चमचा पुसावा तशी,
आणि दातांत धरली.
समोरचे चार दात अजून त्यांचे स्वतःचे आहेत.
त्यांतून इंजिन आत गेलं असणार,
जबड्यात, कवटीत,
ऐकणं जिथे कुठे राहतं तिथवर.
टोक पहिल्यावर. दुसऱ्यावर.
तिसऱ्यावर थांबलं.
तोंड अडकलेलं, म्हणून बोटं वर केली.
तीन.

"थंड होऊ दे," मूठ काढून म्हणाले,
"गरम इंजिनाचं माप खोटं."
मग आम्ही तिघं तासभर बसून राहिलो.
कोणी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर ऐकू आलं नसतं, ही सोय होती.

एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये पंधराची पात घातली,
नट आवळला, पात ओढून पाहिली.
ती निघावी, पण मन नसल्यासारखी निघावी,
असं ते तौसीफला सांगत होते.

स्वारगेटच्या सिग्नलला एकशे वीस सेकंद होते.
मी काच वर केली, इकडेतिकडे पाहिलं,
वाकले
आणि स्टीअरिंगवर दात टेकवले.
जुन्या प्लास्टिकची चव. घामाची. कोणाच्या, ते ठरवता आलं नाही.
आणि मग खालून, अगदी मुकाट,
एक, तीन, चार, दोन,
एक, तीन, चार,

टकटक. काचेवर नाणं.
शेजारचा रिक्षावाला.
मी काच उतरवली, चेहरा सावरला.
"ताई," तो म्हणाला, "फॅनबेल्ट वाजतोय."