रांगेत तुमचा क्रमांक

आठला एक मिनिट कमी.
मी फोन घेऊन ओट्यापाशी उभी,
एक पाय पुढे, धावायच्या शर्यतीत असल्यासारखी.
आठ वाजले. लावला. एंगेज.
परत लावला. मग ती बाई, यंत्रातली :
रांगेत तुमचा क्रमांक सत्तावीस.
मग पियानो. तोच तुकडा, पुन्हा तोच,
पोह्यांतला कांदा करपेपर्यंत.

शेवटी मॉरीन फोन घेते. लव्ह म्हणते मला.
एकतीस वर्षांच्या संसारात यांनी जे उच्चारलं नाही
ते ही बाई रोज शंभर जणांना वाटते,
आणि त्याच दमात सांगते,
आजच्या सगळ्या वेळा गेल्या,
उद्या आठला कर, लव्ह.

पित्ताशयात खडे. पडद्यावर दाखवले मला,
बटव्यात सुपाऱ्या असाव्यात तसे.
काढायचं, हे ठरलं मार्चमध्ये.
कुठल्या मार्चमध्ये,
ते मी हळूहळू सांगायचं सोडून दिलं.

जयवंता म्हणाला, तायडे, ये इकडे.
मंगळवारी दाखल, गुरुवारी घरी. पॅकेज असतं.
एसी खोली, सोबत्याला नाश्ता.
खरंच आहे त्याचं.
पण मला आठवला सांगलीच्या नर्सिंग होमचा जिना.
डिपॉझिट भरेपर्यंत बाबांना वर नेईनात,
आणि आई खाली बाकावर
हाताला साबण लावून पाटल्या काढत होती.
एक निघाली.
दुसरी काही केल्या निघेना.

नोव्हेंबरात, रात्री, कळ आली पाठीतून आरपार.
रॉदरहॅमच्या इमर्जन्सीत अकरा तास, निळी खुर्ची.
शेजारी एक म्हातारा, बोटाला भांडी पुसायचं फडकं,
पलीकडे दारू उतरत आलेला पोरगा.
त्याने चिप्सचं पाकीट माझ्यापुढे धरलं
आणि माझं तोंड बघून मागे घेतलं, सॉरी म्हणत.
कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर माणसं,
वर भिंतीला त्यांच्या जागेचे नंबर, लॅमिनेट केलेले.
लॅमिनेट केलंय, म्हणजे ते आता तसंच राहणार.
चिडले मी. हे म्हणाले, फुकट आहे ना, मग गप्प बसावं.
फुकट कुठे? पगाराची चिठ्ठी बघा दर महिन्याची.
आणि उरलेलं बिल हे काय,
फेडतेय इथे बसून, तासातासाने.

पहाटे चारला ब्लेसिंग आली, घानाची,
बुटांच्या टाचा मागून दबलेल्या.
दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट म्हणाली : मृणालिनी.
माझंही खरं नाव इथे कुणाला येत नाही, म्हणाली.
शीर सापडेना, तर माझा हात
आपल्या दोन्ही हातांत धरून बसली, ऊब येईपर्यंत.
तेवढा वेळ तिला कुणी दिला,
कुणाचा काढून दिला, मला माहीत नाही.

मग एकदाचं काढलं. पोटावर चार भोकं,
टाके आपले आपण विरघळणारे.
दुपारी टोस्ट दिला. घरी जा म्हणाले.
यांनी कोट पुढे केला
आणि मी पर्स उघडून, कॉरिडॉरभर
डावीकडे बघते, उजवीकडे बघते.
काय शोधतेस?
काही नाही, म्हटलं.
पैसे मागितले ते एका पार्किंगच्या यंत्राने,
आणि ते यंत्र नाणी घेईना.

आज पत्र आलं, खिडकीच्या पाकिटातून.
आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनपूर्वीची तपासणी
पुढच्या महिन्यात, चौदा तारखेला, दहा वीसला.
हे हसले. टाक फाडून म्हणाले.

मी फोन लावला.
रांगेत तुमचा क्रमांक एकोणीस.
ओट्याला टेकलेय, पियानो चालू आहे.
चौदा तारखेला, दहा वीसला,
एक खुर्ची उगाच रिकामी राहायची.
कुणाच्या तरी पोटात खडे असतीलच या गावात.

क्रमांक अठरा.
कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक केला.