शेरा : नाही

एप्रिलात पेपर संपले की
पाचपावलीच्या शाळेतून पोत्यात भरून
चित्रांची पुस्तकं येतात माझ्याकडे, शिवायला.
मी खळ शिजवते, चिमूटभर मोरचूद टाकते,
चिकटवलेलं गच्चीवर विटेखाली ठेवते.
आपल्या नागपूरच्या उन्हात खळ
चहा गार व्हायच्या आत वाळते.
तेवढा एक उपकार आहे उन्हाचा.

गोष्टी मला पाठ आहेत आता.
एक हत्ती, त्याचे कान बारके.
एक बगळा, तो लंगडा.
एक ढग, त्याला गरजताच येत नाही.
सगळे हसतात, तो कोपऱ्यात जाऊन बसतो,
मग एके दिवशी जंगलाला आग लागते, नाहीतर पूर येतो,
आणि नेमका तोच कान, तोच पाय कामी येतो.
शेवटच्या पानावर सगळे नाचतात.
वर इंद्रधनुष्य.

शेवटचं पान कधी फाटत नाही.
वीस वर्षं शिवते आहे म्हणून सांगते,
कोरं करकरीत असतं ते.
फाटतं नववं, किंवा दहावं,
जिथे हत्ती नुसता बसलेला असतो.
आग अजून लागलेली नाही.
त्याच पानावर अंगठ्यांचे डाग,
तर्रीचा एक लाल थेंब,
आणि एकदा तर दुधाचा दात सापडला
शिवणीत अडकलेला.

श्रावस्ती शेजारच्या मेश्रामांची, तेव्हा नुकतीच चौथीत गेलेली.
सुई ओवून द्यायला यायची; माझी नजर उतरली.
ओवता ओवता म्हणाली,
"काकू, माझे कान तर बरोबर आहेत."
बरं मग?
"पाय पण बरोबर आहेत. बोबडं पण नाही बोलत मी.
वर्गात नंबर एकविसावा. बेचाळीस पोरं आहेत.
मग माझ्यासाठी आग काहून लागन?"

म्हणणार होते, तूही खास आहेस गं बाई,
पण तोंडात दोरा होता.
तो काढेपर्यंत माझा शाळेतला फोटो आठवला :
दुसरी रांग, मधोमध.
मागच्या पोरीचा हात माझ्या खांद्यावर आहे
की बाजूच्या सुलोचनाच्या,
अजून कळलेलं नाही.

उरलेल्या कागदांचं आठ पानांचं पुस्तक शिवलं
तिच्यासमोरच. कोरं. घे म्हटलं, तू काढ.
तिचे बाबा कळमन्याला संत्री निवडतात.
मोठी एका बाजूला, बारकी रसाला,
मधली पेट्यांत, मोजून.
तिनं मधलं काढलं.
पहिल्या पानावर संत्रं झाडाला.
दुसऱ्यावर पेटीत.
तिसऱ्यावर पेटीतच.
चौथ्यावरही. "ट्रक बंद पडला ना,
बुटीबोरीच्या पुढे. पोट्टे बसले आहेत सावलीत."
पाचव्यावर रात्र, पेटीच्या फटीतून एक चांदणी.
सहाव्यावर नुसता हात.
सातव्यावर साल.
आठव्यावर मोठ्या अक्षरांत तिनं लिहिलं,
"जरा आंबट होतं. चाललं."

पोत्यासोबत शाळेचं रजिस्टर येतं.
मी ते पुस्तक त्यात चढवलं,
खोटं कशाला बोलू, कोणालाही न विचारता.
दाखल क्रमांक. पानं आठ. किंमत शून्य.
शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येकापुढे असतं काहीतरी,
भेट, रंगीत, बक्षीसपात्र.
हिच्यापुढे लिहिलं : नाही.

या एप्रिलात ते परत आलं, पोत्यातून.
कोपरे मऊ पडलेले, मांजरीच्या कानांसारखे.
चौथं पान निम्मं सुटलेलं,
जिथे ट्रक बंद आहे
आणि पोट्टे सावलीत बसले आहेत,
आणि पेटीतल्या त्या मधल्या संत्र्याला
कोणीतरी पेन्सिलीनं डोळे काढले आहेत.
मिटलेले.

गॅसवर खळ ठेवली आहे.
श्रावस्ती पाचवीत गेली, दुसऱ्या शाळेत, लांब.
सुई आता
माझी मलाच ओवावी लागते.