नवव्या जोडीपाशी

आधी मागचा पाय बघ, ओल्मेदो म्हणतो.
नडगीवर काटे हवेत, रांगेनं,
फणीचे दात असावेत तसे.
नसले तर तो तुडतुडाच नव्हे;
चिमट्यानं उचल, पलीकडच्या बाटलीत सोड,
उगाच हुज्जत घालू नकोस त्याच्याशी.

काटे आहेत.

मग डोकं. आधी वरून, नंतर कुशीवर वळवून.
कपाळ असं फुगलेलं, की तोंडात घास धरून
कुणी उत्तर द्यायचं टाळतंय.
(दिवसभर देठातलं पाणी ओढायचं,
जवळजवळ नुसतं पाणीच,
त्याला भाता मोठा लागतो.)
टाळूवर दोन नेत्रिका, राळ्याच्या दाण्याहून बारीक.
त्या डोळ्यांच्या मधोमध असतील तर जोडी चारला जा,
पुढच्या कडेला सरकल्या असतील तर अकराला.

याला किल्ली म्हणतात.
कितोच्या डॉक्टर पास्मिन्योबाई
बावीस वर्षं खपल्या हिच्यासाठी.
दर वळणावर दोनच दारं,
आणि दार एखाद्या शिरेएवढं.
चार : पाठीची ढाल डोक्याहून रुंद की अरुंद?
सहा : पंखाच्या टोकाशी शिरांची जाळी, की शिरा सुट्याच?
रंग विचारात घेऊ नये, असं तळटीपेत दोनदा लिहिलंय.
बरोबरच आहे. अल्कोहोलमध्ये
चौथ्या दिवशी हिरव्याचा पिवळा होतो,
पिवळ्याचा कसलाच नाही.

आठ वाजता जनरेटर बंद होतो.
मी भिंगाला पापणी टेकवून
पावणेआठला नवाशी पोचते.

नऊ : नराचे पुच्छपट त्रिकोणी, टोकं वर वळलेली,
तर हीच ती प्रजाती.
नराचे पुच्छपट गोलसर, तर दुसरी.
संपलं.
आणि माझ्या बशीत
अठरा माद्या.

ओल्मेदो गुआयुसाचा पेला फुंकत राहतो.
"असंच होतं," म्हणतो, "लिही, अनिश्चित."

तेनाच्या कचेरीत आईचं ओळखपत्र काढलं
तेव्हा मी सात वर्षांची होते, टेबलाएवढी.
विशेष खूण? कारकुनानं स्वतःलाच विचारलं
आणि लिहूनही टाकलं : नाही.
युका सोलताना पडलेली चीर
तिच्या अंगठ्यावर होती,
अंगठा त्याच्याच हातात होता,
शाईत बुडवून दाबला त्यानं,
आणि ठशाच्या मधून
एक पांढरी वाट आडवी गेली.

मंगळवारी मी या जिवंत पाहिल्या आहेत.
स्टेशनमागे, पाण्याच्या टाकीशी,
त्या मोठ्या पानांच्या झुडपावर.
बोट नेलं की खेकड्यागत आडव्या सरकून
देठामागे जायच्या,
फक्त डोळे बाहेर.
बुडातून थेंब उडवायच्या, टिच्, टिच्,
खाली उभं राहिलं तर कपाळ ओलं.
आणि दोन्ही पंखांवर एकेक पांढरा ठिपका,
पीठ मळता मळता हात पुसावा तसा.

एकीनं पानात अंडी घातली.
मग मागचा पाय वर घेऊन,
तोच, काट्यांचा, फणीचा,
पंखावरचं पांढरं खरवडलं
आणि अंड्यांवर पसरलं. पुन्हा खरवडलं.
बराच वेळ चाललं होतं ते. माझा पाय झोपी गेला.
संपलं तेव्हा अंडी दिसत नव्हती
आणि तिचे पंख कोरे होते,
किल्लीत असतात तसे.

ज्यांचं उरलं होतं
त्यांचं मी अल्कोहोलनं धुतलं.

दिवा लुकलुकतो. पाच मिनिटं.
मी चिठ्ठीवर लिहिते :
मादी, अठरा. प्रजाती अनिश्चित.
जिवंतपणी पंखांवर पांढरं होतं.
कशासाठी, ते पाहिलंय.
सुलाय तांगीला.

"बाई खोडतील," ओल्मेदो म्हणतो.

खोडू देत.
पण चिठ्ठी तो बाटलीतच टाकतो,
आणि टाकण्याआधी तपासून घेतो
की पेननं नाही ना लिहिलं.
शाई विरघळते आत. शिसपेन्सिल राहते.