फ्लॅट नंबर अकराची तपासणी

तांबोळी बाई वेळेवर आली, दहा म्हणजे दहाला.
बाई कसली, माझ्या धाकटीच्या वयाची पोर.
पाठीवर सॅक, बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या.
"काकू, तीनएक तास लागतील.
पास-नापास असं काही नसतं यात.
दिसेल ते लिहायचं,
दिसत नाही तिथं 'दिसलं नाही' लिहायचं.
फोडून मी काहीच बघत नाही."

घर विकतेय मी. धनकवडी, तिसरा मजला,
गॅलरीत वाकलं तर तळजाईची झाडं.
घेणारे बाणेरचे, त्यांनीच धाडलं हिला.
फी त्यांची, धाकधूक माझी.

एकेक प्लग तपासला तिनं.
तीन दिव्यांचं यंत्र खुपसायची, वाट बघायची.
देवघराशेजारच्या प्लगला अर्थिंगच नाही म्हणाली.
तेवीस गणपतींच्या माळा तिथंच लावल्या आम्ही.
देवानंच सांभाळलं, म्हटलं मी.
तिनं लिहिलं: अर्थिंग नाही.

मग एक काठी काढली, टोकाला स्टीलची गोळी,
आणि हॉलभर वाजवत चालली,
टक् टक् टक् टक्
ढप्.

मी टेलिफोनमध्ये होते, एकशे अठ्ठ्याण्णववर,
तक्रारी घ्यायचे.
लाइन मेलीय की नुसती भिजलीय
हे हॅलोच्या आधी कळायचं मला.
ते ढप् मलाही कळलं.
"अगं, ती फरशी ह्यांनी स्वतः बसवली,
मिस्त्री तीनशे मागत होता म्हणून..."
ती लिहीत होती:
हॉल, खिडकीखाली, एक फरशी, पोकळ.
'ह्यांनी'ला रकाना नव्हता.

बाथरूमचा उतार बघायला तिनं गोटी सोडली.
गोटी जाळीकडे जायची सोडून दाराकडे आली,
माझ्या पायाशी थांबली.
"उतार उलटा आहे."
"माहितेय."
रोज पाणी खराट्यानं परत लोटताना
माझी कंबर तेवीस वर्षं तेच लिहीत होती.

बेडरूममध्ये तिनं तो कॅमेरा काढला, ऊब दाखवणारा.
कपाट दोघींनी मिळून सरकवलं.
डोळ्यांना भिंत कोरी. पडद्यावर हा एवढा निळा डाग,
वरच्या पांगारकरांच्या न्हाणीखाली.
"रंग नवा दिसतोय," ती म्हणाली.
"गेल्या आठवड्यातला."
का दिला ते तिनं विचारलं नाही.
लिहिलं: रंग नवीन.
मला उभं राहवेना, मी भिंतीला हात टेकला.

हात काढला तर पडद्यावर
निळ्याच्या मधोमध
पाच बोटं, नारिंगी.

"थांबा काकू, तो तुमचा हात आहे.
जाऊ दे, मग फोटो घेते."

आम्ही दोघी थांबलो.
आधी करंगळी गेली.
मग बाकीची बोटं, टोकांकडून.
खाली भंगारवाला ओरडत गेला, परत आला.
तळवा अजून होता.
एवढं थांबावं लागेल असं तिलाही वाटलं नसावं,
घड्याळ बघितलं तिनं, पण बोलली नाही.

चहा नको म्हणाली. पाणी घेतलं.
जाताना पिशव्या काढल्या, घडी करून सॅकमध्ये ठेवल्या.

रिपोर्ट परवा आला, बेचाळीस पानी.
इतक्या पानांचं तर माझं कुणी काहीच लिहिलं नव्हतं.
पान एकतीस: ओल, बावीस टक्के, उगम वरचा मजला असावा.
बाणेरकर दीड लाख कमी करा म्हणाले,
मी सव्वावर आणले,
पांगारकरांशी भांडण त्यांच्या वाट्याला सोडलं.

रात्री चष्मा लावून फोटो पुन्हा बघितला.
निळा डाग, आणि मध्ये
रुपयाएवढा एक पिवळट ठिपका.
तिला घाई झाली असेल.
किंवा नसेलही.

त्याबद्दल कुणी विचारलेलं नाही.
मीही दाखवलेला नाही.