सनस्क्रीनची पाणपोई

इंगमच्या मैदानावर नळ आहेत तीन,
झाड एकही नाही.
कुंपणाला मर्लने साखळीने बांधलाय
सनस्क्रीनचा पिवळा पंप.
फुकट. दाबा, चोपडा, मग खेळा.

नगरपालिकेने विचारलं, रोज भरणार कोण?
ती म्हणाली, मी. आणि सावलीचं कापड तुम्ही.
कापड अजून यायचंय.

डेसचा डावा कान डॉक्टरांनी
थोडा थोडा करत नेला,
मग मान, मग डेस.
चाळीस वर्षं उसात काढली त्याने,
टोपी ट्रकमध्येच राहायची.

आज एक दांडगं पोर
पंपाला वळसा घालून सुटलं.
मर्लने हाक नाही मारली, बखोटच धरलं.
त्याच्या कानामागे तिची बोटं
जरा जास्तच वेळ
फिरत राहिली.