तीन पातळ पुटं

कालामात ऊन पगारी नोकरासारखं येतं,
वेळेवर, रजा न टाकता.
अठ्ठ्याऐंशी सालच्या या गाडीचा
आतला सगळा निळा
त्यानं हप्त्याहप्त्यानं वसूल केला.
डॅशबोर्ड आता म्हाताऱ्या दातांच्या रंगाचा,
दारांवर बोट फिरवलं
तर बोटाला खडूची भुकटी.

मुळात निळा होता तरी कुठला,
यावर घरात दोन मतं.
एदुविखिस म्हणते, समुद्रासारखा.
तिचा समुद्र म्हणजे बंदरातला, तेल सांडलेला.
मी म्हणतो, शाळेच्या गणवेशाचा.
शेवटी ॲशट्रे उपसून काढली.
तिच्या मागे, इतकी वर्षं अंधारात,
तळहाताएवढा तुकडा जसाच्या तसा.
दोघंही चुकलो होतो.

तो तुकडा रुमालात गुंडाळून
नोल्बेर्तोच्या दुकानात नेला.
त्यानं काळं घातलं, मग पांढरं,
मग बराच वेळ नुसता बघत बसला
आणि काडीच्या टोकानं थेंबभर तांबडं.
खाणीत तीस वर्षं ट्रक चालवला मी,
निळ्याच्या पोटात तांबडं असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

दारं उलगडली तेव्हा निघालेला ऐवज:
एक केसांची पिन, ऑलिव्हच्या बिया,
संपाच्या महिन्यातली पगारचिठ्ठी,
आकडा इतका बारीक की घडीतच हरवलेला.
मेव्हण्यानं दर रविवारी चोपडलेलं चकाकीचं तेल
साबणानं निघेना, स्पिरिटनं निघालं.
तेल राहिलं तर रंग बसत नाही,
जागोजागी डोळे वटारतो.

उजव्या खांबावरचं झाकण मात्र फुटकंच होतं.
दुसरं मिलेन्कोच्या भंगारातून आणलं,
बदामी, कुठल्याशा टॅक्सीचं.
घरी येऊन उजेडात धरलं
तर पट्टा जिथून बाहेर येतो तिथे
खिळ्यानं कोरलेलं: नेलो.
पहिलं अक्षर उलटं.
खाली पाच रेघा.
कसल्या, देव जाणे.
वाटेतली कुत्री, मोडलेली वचनं,
किंवा बाप येईतो मोजलेले ट्रक.

मिलेन्कोला फोन केला.
म्हणाला, गाडी पिवळी होती,
तोकोपियाहून आली,
आणि तुला झाकण हवंय की वंशावळ?

चारशेचा कागद, मग सहाशेचा, पाणी लावून.
अक्षरं उथळ झाली, गेली नाहीत.
लांबी भरली असती तर बुजली असती.
डबा उघडला होता, पात्या हातात होता.
मग चहाची वेळ झाली
आणि नंतर मी तो डबा कुठे ठेवला ते आठवलं नाही,
असं मी एदुविखिसला सांगितलं.

दुपारी इथे वारा सुटतो, वाळूसकट.
म्हणून पहाटे पाचला, अंगणात,
कपड्यांच्या दोरीवर सगळे तुकडे तारेनं टांगून
पहिलं पुट. नुसती वाफ धरावी इतकं.
खालचा बदामी दिसत राहतो,
मन म्हणतं, अजून मार.
मारलं की ओघळलंच.
दहा मिनिटं हात मागे बांधून उभा.
दुसरं पुट.
ट्रकवर मी कधी इतका सावकाश नव्हतो,
घरी तर नाहीच.
तिसरं.

संध्याकाळी यास्ना आली.
मार्चमध्ये गाडी घेऊन ला सेरेनाला जाणार, नर्सिंगला.
बसली, पट्टा ओढला,
आणि तिरप्या उन्हात तिला ते दिसलं.
कोण हा?
मागच्या मालकाचा मुलगा, मी म्हणालो,
जणू त्याच्या बारशाला जेवलो होतो.
चारच रेघा आहेत, ती म्हणाली.
पाच होत्या, एक घासण्यात गेली असेल.
असं होय, म्हणाली,
आणि नखानं पाचवी ओढली.

मी ओरडलो.
डब्यावर चोवीस तास लिहिलंय,
स्पष्ट, मोठ्या अक्षरात.
तिनं बोट वर धरून दाखवलं:
नखाखाली निळा,
अगदी ॲशट्रेमागचा.