ऑक्टोबरचे गुण

पिओरियात आज संध्याकाळपासून दारात पोरांची रांग,
कुणी चेटकीण, कुणी बंबवाला,
एकाने नुसतंच पोतं घातलेलं.
"तू कोण रे?" विचारलं तर म्हणाला, "बटाटा."
त्याला मी दोन चॉकलेटं जास्त दिली.

आत टेबलाशी जुई बसली आहे
रात्री अकरा एकोणसाठची मुदत घेऊन.
श्रीरंगने तक्ता केलाय: सात कॉलेजं, तीन परीक्षा.
हिरवं म्हणजे पाठव, लाल म्हणजे झाक,
पिवळ्याचं काय, ते त्यालाही सांगता येत नाही.
हा माणूस ट्रॅक्टरच्या कारखान्यात गिअर तपासतो,
केसभर फरक निघाला तर अख्खी खेप परत पाठवतो,
आणि घरी म्हणतो,
"मार्च दाखवायचाच कशाला?"

मार्चचे बाराशे नव्वद.
जूनचे चौदाशे दहा.
ऑगस्टला वाचनात चढली, गणितात घसरली, तेराशे नव्वद.
जूनचं गणित ऑगस्टच्या वाचनाला जोडलं
की होतात चौदाशे चाळीस,
जे तिला कुठल्याच शनिवारी मिळाले नव्हते.
"हे चालतं?"
"चालतं काय आई, तेच मागतात."
मला आठवलं, दोन विटक्या साड्यांतून
आईने माझं एक परकर-पोलकं काढलं होतं.
लग्नघरात सगळ्यांनी नवीनच समजलं,
आणि आम्ही काही बोललो नाही.

मी नदीकाठच्या इस्पितळात रक्त तपासते.
नळीत पेशी फुटल्या, नमुना बिघडला,
तर तो आकडा आम्ही कळवतच नाही.
लिहितो: पुन्हा घ्या.
त्याला कुणी लपवाछपवी म्हणत नाही.
पण नमुना चांगला आणि आकडा वाईट असेल
तर कळवावाच लागतो,
फोन करून, वेळ टिपून,
पलीकडच्याकडून परत वदवून घेऊन.

मार्चमधली जुई कुठल्या नळीतली?
ताप नव्हता. झोप झाली होती.
पोहे खाऊन गेली होती, दोन पेन्सिली जास्तीच्या.
तिला नुसतंच आलं नव्हतं.

"तुला बारावीत गणितात किती होते गं?"
"एकसष्ट."
पाढ्यासारखं तोंडपाठ आहे.
बघायला आले तेव्हा सासूबाईंनाही हेच सांगितलं,
इथल्या नोकरीच्या अर्जात हेच लिहिलं.
एकसष्ट ऑक्टोबरचे.
मार्चची गुणपत्रिका कऱ्हाडला ट्रंकेत
तळाच्या वर्तमानपत्राखाली होती.
ट्रंक मोडीत गेली, कागद कुठे गेला कुणास ठाऊक,
आकडा मात्र माझ्याबरोबर विमानात बसला,
त्याला व्हिसाही लागला नाही.

साडेनऊपर्यंत सहांचं ठरलं.
चौघांना जोडलेला आकडा,
दोघांना काहीच नाही, त्यांची सक्ती नाही.
सातवं म्हणतं:
जितक्यांदा बसलात, तितके सगळे.
जुईचं बोट तिथेच अडकलं.
श्रीरंग म्हणाला, "सोड ते कॉलेज."
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
"सत्तावीस."
"काय सत्तावीस?"
"गणितात. मार्चला. शंभरपैकी."

श्रीरंगने तक्त्यातून मान वर काढली.
एकवीस वर्षांचा संसार,
आणि या आकड्याला रकानाच नव्हता.
फ्रिज उगाच गुरगुरला.
जुई माझ्याकडे बघत राहिली,
ओठांनी वजाबाकी करत.
"म्हणजे चौतीसची उडी?" ती म्हणाली,
"माझी तर दीडशेचीच, तीही सोळाशेत."
मग खुर्ची सरकवून
तिने मला पडद्यासमोर जागा केली.

तेवढ्यात बेल. इतक्या उशिरा.
दारात एक उंच मुलगा, मिसरूड फुटलेलं,
ना मुखवटा, ना रंग, हातात उशीचा अभ्रा.
"तू कोण झालास?"
"कोणी नाही," तो म्हणाला. "असाच आलोय."
मी वाडगा त्याच्या अभ्र्यात पालथा केला.